जीव्हीएचडीत सायटोकाइन मोजताना: आकडा बिघडतो तो मशीनच्या आधीच

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर उलटल्या की जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज) होतो. या हल्ल्यातली निरोप्यांची कामं सायटोकाइन करतात. प्रत्यारोपणाआधीच्या केमो-रेडिएशननं दुखावलेल्या ऊतींतून आधी टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ सुटतात, पाठोपाठ टी पेशी आयएल-२ आणि इंटरफेरॉन गॅमा सोडतात. असं असलं तरी एकट्या आयएल-६ वर भिस्त ठेवू नका. सेप्सिसमध्येही (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गातही) तो तितकाच उसळतो. आतड्याच्या जीव्हीएचडीसाठी एसटी२ आणि रेग३-अल्फा ही जोडी बरी. एसटी२ म्हणजे आयएल-३३ चा रक्तात सुटा फिरणारा रिसेप्टर. रेग३-अल्फा आतड्यातल्या पॅनेथ पेशींत बनतं आणि अस्तर फाटलं की रक्तात उतरतं.

नमुना प्रत्यारोपणानंतर ७व्या दिवशी घ्या, मग लक्षणं दिसतील त्या दिवशी, आणि उपचार सुरू झाल्यावर ७व्या व २८व्या दिवशी. लक्षणांच्या दिवशीचा नमुना मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या पहिल्या डोसआधी मिळाला तर उत्तमच. पण नळीसाठी डोस थांबवू नका.

सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) घेत असाल तर पहिलं ५ मिली रक्त टाकून द्या. या नळीच्या ज्या ल्युमेनमधून (मार्गातून) टीपीएन, म्हणजे शिरेवाटे दिलं जाणारं पोषण, चालू आहे तिथून घेऊच नका, चरबीनं प्लाझ्मा दुधाळ होतो. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या आणि ८-१० वेळा हळूच उलटीपालटी करा. जोरात हलवाल तर तांबड्या पेशी फुटतील आणि प्लाझ्मा गुलाबी दिसेल. तसा नमुना वहीत 'हिमोलाइज्ड' (पेशी फुटलेला) म्हणून नोंदवा, गुपचूप चालवून घेऊ नका.

दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर १० मिनिटं फिरवा. प्लाझ्मा काढताना पिपेटचं टोक पांढऱ्या पेशींच्या पांढुरक्या थराच्या वर निदान अर्धा सेंटिमीटर ठेवा. तळाचं शेवटचं थेंबभर सोडून द्यावं लागतं, हळहळू नका. २५०-२५० मायक्रोलिटरच्या कुप्या भरून उणे ८० ला ठेवा. एक कुपी एकदाच वितळवायची. वीज जाणाऱ्या गावात फ्रीजर जनरेटरवर आहे ना, हे आधी बघा.

एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं लावलेल्या प्लेटवरची मोजणी, प्रत्येक नमुन्याचा दुहेरी लावा. दोन विहिरींतला फरक १५ टक्क्यांवर गेला तर बहुतेकदा दोष धुण्यात असतो: प्लेट उलटी करून टिपकागदावर नीट आपटलेली नसते. ४५० नॅनोमीटरवर वाचा आणि आकडा प्रमाण-वक्राच्या (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या आलेखाच्या) वरच्या टोकाबाहेर गेला तर वक्र पुढे ओढू नका, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा. प्रत्यारोपणानंतर एसटी२ बाबत हे हमखास होतं.

मग अर्थ लावायची पाळी. टोसिलिझुमॅब (आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारं औषध) दिलेल्या रुग्णाचा आयएल-६ वाढलेला दिसेल. औषधानं रिसेप्टर अडवला की आयएल-६ उचलला जात नाही, रक्तात साचतो. त्याला आजार बळावला समजू नये. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर बायोटिनला घट्ट चिकटणाऱ्या स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनवर चालणाऱ्या किटचे आकडे बिघडतात, हे रुग्णाला विचारल्याशिवाय कळत नाही. सशापासून बनवलेलं एटीजी (टी पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचं औषध) दिलेलं असेल तर सशाच्याच प्रतिपिंडांची किट टाळा. म्हणून प्रत्येक कुपीबरोबर त्या दिवसाचा ताप, सीएमव्ही या विषाणूचा अहवाल, स्टेरॉइडचा डोस आणि २४ तासांत झालेल्या जुलाबांचं मिलीलिटरमधलं माप लिहा. प्रौढात ५०० च्या वर गेलं की आतड्याच्या जीव्हीएचडीची पहिली पायरी धरतात.