चाळिशीनंतर अकाउंट्सचं काम शोधताय? या चुका टाळा

नागपुरात अकाउंटंट हवाय अशा जाहिरातींना तोटा नाही. धंतोली-रामदासपेठेतली सीए ऑफिसं, इतवारी-गांधीबागेतले ठोक व्यापारी, कळमन्यातले अडते, वाडीचे ट्रान्सपोर्टवाले, हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, सगळ्यांना माणूस हवाच असतो. तरी पंचेचाळिशीतल्या बी.कॉम.वाल्याचा बायोडाटा बाजूला पडतो. वय आडवं येतं, हे खरं. पण चुकीच्या दारावर चुकीच्या तारखेला गेल्यानेही तेवढंच नुकसान होतं, आणि ते आपल्या हातात असतं.

चुकीचं दार

'आर्टिकल पाहिजे' ही जाहिरात सीएच्या विद्यार्थ्यांसाठी असते. सीए इन्स्टिट्यूटकडे नोंदणी नसेल तर तिथे फोन करण्यात अर्थ नाही. आपण विचारायचं ते 'अकाउंट्स असिस्टंट' किंवा 'पेड असिस्टंट', म्हणजे पगारी मदतनीस. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही १८ ते ३५ वयोगटासाठी आहे. तिच्या पोर्टलवर संध्याकाळ घालवू नका.

चुकीची तारीख

सीए ऑफिसचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस (कापून ठेवलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी (खरेदीवर मिळणाऱ्या कर-क्रेडिटची यादी) येतं, १५ ला कामगारांचा पीएफ-ईएसआय, २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न). या दिवसांत बायोडाटा घेऊन गेलात तर रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा वर बघणार नाही. २१ नंतर जा, दुपारी चारच्या सुमारास. वर्षातला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मे-जून. पुढे रिटर्न आणि ऑडिटचा हंगाम येतो, तेव्हा हात कमी पडणार हे साहेबांना ठाऊक असतं. मात्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवीन माणसाला शिकवायला कुणाला फुरसत नसते.

सर्टिफिकेटांची चळत

एक कोर्स झाला, नोकरी नाही, म्हणून दुसरा, मग 'ॲडव्हान्स'. सीताबर्डीत क्लासेस भरपूर आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. पण मुलाखत घेणारा सर्टिफिकेट बघतो कमी, विचारतो जास्त: बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वहीतल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवणं, जमतं का? खरेदीची बिलं २बीशी ताडून कोणतं क्रेडिट राहिलं ते एक्सेलमध्ये काढता येतं का?

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घरी फुकट डाउनलोड करून एज्युकेशन मोडमध्ये सराव करता येतो, पण त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात. तोच डेटा नमुना म्हणून दाखवलात की जाणकाराला लगेच कळतं, हे सरावाचं आहे. त्यापेक्षा खरी वही शोधा. तुमच्या फ्लॅट स्कीमचा मेंटेनन्सचा हिशेब कुणीतरी रडतखडत ठेवतच असेल. तो मागून घ्या. वर्षभराचं बँक स्टेटमेंट, पावत्या, थकबाकीदारांची यादी, शेवटी जमाखर्च आणि ताळेबंद. समिती आनंदाने देईल, कारण ते काम कुणालाच नको असतं. मुलाखतीत यावर दहा मिनिटं बोलता येतं. माझ्या मते तिसऱ्या कोर्सपेक्षा याचं वजन जास्त.

जुनं आयुष्य झाकणं

जन्मतारीख गाळून, आधीची पंधरा वर्षं दोन ओळींत उरकून बायोडाटा तरुण दिसत नाही, संशयास्पद दिसतो. ज्याने वाडीला ट्रान्सपोर्टमध्ये काम केलंय त्याला बिल्टी (मालवाहतुकीची पावती) वाचता येते, भाड्यावरचा रिव्हर्स चार्ज, म्हणजे कर ट्रान्सपोर्टवाल्याऐवजी भाडं देणाऱ्याने भरायचा, हे त्याला चटकन समजतं. कळमन्यात वावरलेल्याला हमाली, तोलाई (वजनाची मजुरी), अडत (अडत्याचं कमिशन) वेगळी सांगावी लागत नाही. मेडिकल स्टोअर चालवलेल्या बाईंना एक्सपायरीचा माल परत गेला की क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद) का लागते ते पाठ असतं. त्याच धंद्याच्या पेढीकडे आधी जा. उधारी वसूल करायला पोरगेल्या आवाजापेक्षा तुमचा फोन जास्त चालतो, हेही शेठजींना सांगायला लाजू नका.

फुकट राबणं आणि ओटीपी देणं

अनुभवासाठी थोडे दिवस बिनपगारी काम करायला माझी हरकत नाही, पण त्याला शेवट हवा. जीएसटीचं एक पूर्ण चक्र, म्हणजे या महिन्याच्या १ पासून पुढच्या महिन्याच्या २० पर्यंत, पुरे. त्यानंतर पगार किती आणि अनुभवाचं पत्र मिळणार का, हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. नोकरीआधी 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्या एजंटाकडे तर वळूच नका.

खरा धोका वेगळाच. "काका, नवीन फर्म काढतोय, तुमच्या नावावर करू, पाच हजार वर देतो." गरजू माणूस हो म्हणतो; आधार, पॅन, ओटीपी देऊन मोकळा होतो. त्या नावाने बोगस बिलं फिरली तर नोटीस तुमच्या घरी येते, शेठजींच्या नाही. मालकी, भागीदारी किंवा संचालकपद 'फक्त कागदोपत्री' कधीही घेऊ नका. आधीच कागद दिले असतील तर जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये पॅन टाकून पाहा. तुमच्या पॅनवरच्या नोंदण्या लॉगिन न करताही दिसतात. अनोळखी नोंदणी सापडली तर थेट जीएसटी विभागाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

उलट बाजूनेही जपा: पक्षकारांचा डेटा पेन ड्राइव्हवर घरी नेऊन पुढच्या मुलाखतीत दाखवला, तर तिथला माणूस कामाचं कौतुक करेल आणि नोकरी देणार नाही.

बोलावतात, पण 'कळवतो' म्हणतात

बहुतेक वेळा शंका कौशल्याची नसतेच. "इथं सगळे पोट्टे काम करून राह्यले, तुमचं जमेल का?" हे मनात असतं, तोंडावर येत नाही. मग आपणच विषय काढावा: पंचवीस वर्षांचा सीनियर चूक दाखवेल तर चालेल, नोंद करून ठेवीन. आणि 'आमच्या वेळी व्हॅटमध्ये' (जीएसटीआधीचा विक्रीवरचा कर) हे वाक्य गिळून टाका. जीएसटी येऊन २०१७ पासून बरीच वर्षं झाली. निघताना तासाभराचं काम मागा, एखाद्या पक्षकाराचं एका महिन्याचं बँक स्टेटमेंट जुळवायला. उत्तर नाहीच आलं तर २१ तारखेनंतर एक मेसेज करा, एकच.