थरारपटातली भीती आनंददायी कशी ठेवावी

भीतीची मजा यायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: शरीराला धोका खरा वाटणं आणि आपण सुरक्षित आहोत हे मनाला पक्कं ठाऊक असणं. पडद्यावर सुरा उगारला की ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते. प्रसंग संपला तरी ती धडधड लगेच ओसरत नाही, आणि सुटकेचा आनंद तिच्यामुळेच अधिक तीव्र होतो. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७१ मध्ये उत्तेजनेच्या या संक्रमणाचा सिद्धांत मांडला. म्हणून ऐन थरारात चित्रपट थांबवू नका; सुटकेचा प्रसंग येऊ द्या, नाहीतर नुसती धडधडच उरते.

भीती फार झाली तर नुसते डोळे झाकू नका, आधी आवाज कमी करा. दचकवण्याचं मोठं काम आवाजच करतो. मग दिवा लावा, पडद्यापासून लांब सरका. तरीही जमेना तर रंगभूषा कशी केली असेल, कॅमेरा कुठे ठेवला असेल, हे शोधा. सुरक्षिततेची जाणीव परत येते.

सुमारे सात वर्षांखालच्या मुलांना मात्र ‘हे खोटं आहे’ एवढ्यानं धीर येत नाही. पडदा बंद करा, जवळ घ्या.