माणग्याचं बेट आतून मोकळं ठेवा

आमच्या कुडाळ तालुक्यात बांधावर माणगा बांबूचं बेट नाही असं घर विरळा. तरी बरीचशी बेटं मधोमध सुकलेली, काठ्या एकमेकींत गुंतलेल्या अशी दिसतात, आणि मला ते बघवत नाही. यात रोगाचा दोष कमी, कोयत्याचा जास्त.

होतं असं की हात पोचतो म्हणून गडी कडेच्या काठ्या तोडतो. पण कंद बाहेरच्या अंगाला सरकत जातो, नवे कोंब तिकडेच येतात. म्हणजे कडेची काठी कोवळी आणि जून काठी मधे. कोवळी गेली की पुढच्या कोंबांना अन्न पुरवणारं कुणी उरत नाही, आणि मधल्या म्हाताऱ्या काठ्या जागा अडवून बसतात. म्हणून आधी वय ओळखायला शिका. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढरी भुकटी असते आणि पेरांना तपकिरी सालपटं चिकटलेली असतात. दुसऱ्या वर्षी सालपटं गळतात, फांद्या भरतात. तिसऱ्या वर्षानंतर हिरवा रंग मळतो, अंगावर पांढुरके डाग धरतात, कोयत्याच्या मुठीने ठोकली तर टणक आवाज येतो. तीच तोडायची. एक लक्षात ठेवा, काठी पहिल्या पावसाळ्यात जेवढी उंच आणि जाड होते तेवढीच राहते. नंतर ती फक्त पक्की होते, त्यामुळे ‘अजून वाढेल’ म्हणून जून काठी राखण्यात अर्थ नाही.

बेट फार दाटलं असेल तर जिथे कोंब कमी येतात त्या बाजूने आत वाट पाडा आणि घोड्याच्या नालासारखा आकार ठेवून मधलं जून काढत जा. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या अगदी वर घाव घाला. कमरेएवढे खुंट सोडले की पुढच्या वर्षी आत शिरता येत नाही. आतल्या अडचणीत कोयत्यापेक्षा करवत बरी, शेजारच्या काठीला इजा होत नाही. यंदा जेवढे कोंब उभे राहिले साधारण तेवढ्याच काठ्या काढायच्या, आणि काही जून काठ्या आधाराला ठेवायच्याच, नाहीतर वाऱ्याने नवी पोरं वाकतात.

हे सगळं नोव्हेंबर ते जानेवारीत. पावसाळ्यात बेटात पाऊलही घालू नये, पायाखाली कोंब मोडतात. शिवाय त्या दिवसांत तोडलेल्या काठीला पोखरकिडा लवकर लागतो.

मे संपता संपता भर घाला. माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून बुंध्याभोवती वीतभर चढवा, कारण कंद उघडा पडला तर कोंब बारीक येतात. बेटाचा पाला खाली पडू द्या, तिथेच कुजू द्या. तो झाडून नेणं म्हणजे बेटाच्या तोंडचा घास काढणं. लावणीनंतरचे दोन उन्हाळे पाणी द्या, पुढे कोकणातला पाऊस पुरतो. पाणी तुंबतं तिथे मात्र चर काढाच, तुंबलेल्या पाण्यात कंद कुजतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नका, ती नेहमीची पानगळ. भर पावसात पिवळी पडली तर मुळाशी पाणी साचलंय का ते बघा.

कोंबांच्या दिवसांत साळिंदर आणि वानरं येतात. बेटाच्या तोडलेल्या फांद्या टाकून न देता बुंध्याभोवती गोल रचून ठेवल्या तर बराच बचाव होतो.

आणि वणव्याचं बघा. भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा पसरून शेत भाजण्याच्या दिवसांत शेजारच्या मळ्यातली ठिणगी या सुक्या पाल्यात पडली तर सगळं बेट जातं. म्हणून बुंध्याजवळचा पाला तसाच ठेवून, बेटापासून दोन-तीन हातांवर चारी बाजूंनी पट्टा साफ करून घ्या, फेब्रुवारी लागायच्या आत.