धरणावरच्या डायव्हरांना वैद्यकीय प्रशिक्षण देताना या चुका टाळा

नागपूरच्या आसपास व्यावसायिक डायव्हिंगचं काम बरंच आहे. धरणांच्या गेटचं सील तपासणं, ट्रॅश रॅक (कचरा अडवणारी जाळी) साफ करणं, वीज केंद्रांच्या इनटेकमधला गाळ काढणं, हे सगळं पाण्याखाली जाऊनच करावं लागतं. मात्र टीममधल्या एक-दोघांना ‘डायव्हर मेडिक’ (जागेवर तातडीचे उपचार करणारा डायव्हर) म्हणून तयार करताना अभ्यासक्रम सहसा समुद्रावरचा उचलला जातो. तो समुद्रातल्या जहाजासाठी बनलेला असतो. तिथे रिकम्प्रेशन चेंबर (पेशंटला पुन्हा दाबाखाली ठेवायची बंद खोली) डेकवरच असतो, मागे मोठा ऑक्सिजन साठा असतो आणि पाण्याची पातळी म्हणजे समुद्रसपाटीच. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाच्या काठावर यातलं काहीच नसतं. पुढच्या बहुतेक चुका या एका फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

ऑक्सिजनचा हिशोब न करणं

बेंड्स (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) किंवा गॅस एम्बोलिझमचा (हवेचे बुडबुडे रक्तात शिरून रक्तप्रवाह अडण्याचा) संशय आला की पहिला उपचार शंभर टक्के ऑक्सिजन. हे सगळ्यांना पाठ असतं. तो किती वेळ पुरेल, हे मात्र कोणी मोजलेलं नसतं.

पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क मिनिटाला १५ लिटरवर चालवायचा, म्हणजे तासाला ९०० लिटर. दहा लिटर पाणीक्षमतेचा बी-टाइप सिलिंडर १५० बारला भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. तो १०० मिनिटांत संपतो. काठावर पेशंटला स्थिर करण्यात एक तास आणि तोतलाडोहहून नागपूरपर्यंत दोन तास धरले तर २७०० लिटर लागतात. त्यावर निम्मा राखीव धरा, म्हणजे ४००० च्या वर. एका पेशंटसाठी तीन बी-टाइप किंवा एक भरलेला डी-टाइप, हा किमान साठा झाला. वाचवायला उतरलेला स्टँडबाय डायव्हरही घाईत वर आलेला असतो, म्हणून दोन पेशंट धरूनच साठा ठेवा.

कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अजून पुष्कळ ठिकाणी पडून आहेत. ‘हे आहे ना’ म्हणून तेच साइटवर नेले जातात. मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर नॉन-रिब्रीदर मास्कची पिशवी फुगलेली ठेवू शकत नाही. श्वास घेताना पिशवी चपटी झाली की पेशंट बाहेरची हवा ओढतो आणि उपचार अर्धामुर्धाच होतो. प्रशिक्षणात प्रत्येकाकडून पिशवीकडे बघून प्रवाह वाढवून घ्या. मास्क नाकाच्या पुलावर आणि गालांवर घट्ट बसतो की नाही, दाढी असलेल्यांचं काय, हेही करून बघा.

दुसरी हमखास चूक पल्स ऑक्सिमीटरची. आकडा ९८ दिसला की मेडिक ऑक्सिजन कमी करतो. इथे ऑक्सिजन आकडा वाढवण्यासाठी दिलेलाच नसतो. तो शरीरातला नायट्रोजन बाहेर काढण्यासाठी आणि बुडबुड्यांमुळे रक्त न पोचलेल्या भागाला ऑक्सिजन मिळावा म्हणून असतो. आकडा ९८ असो की १००, लक्षणं गेलेली असोत की नसोत, डॉक्टर सांगेपर्यंत मास्क काढायचा नाही.

रेग्युलेटरही आदल्या दिवशी बसवून बघा. पिन-इंडेक्स आणि बुल-नोज हे दोन्ही व्हॉल्व्ह बाजारात आहेत आणि एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही. तेलकट हात, ग्रीस किंवा इंजिनाच्या चिंध्या व्हॉल्व्हजवळ नकोत. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

उंची विसरणं

नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि तोतलाडोहची पूर्ण जलाशय पातळी ४९० मीटर. अमेरिकन नौदलाच्या नियमांत १००० फुटांच्या वर, म्हणजे साधारण ३०५ मीटरनंतर, प्रत्येक डाइव्हला उंचीची दुरुस्ती लागते. तोतलाडोह १६०० फुटांच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने ३० मीटरची खरी खोली डाइव्ह टेबलमध्ये (खोली आणि वेळेनुसार वर कसं यायचं ते सांगणाऱ्या तक्त्यात) सुमारे ३२ मीटर म्हणून धरावी लागते, आणि टेबलमध्ये पुढची खोली घ्यायची असते. हे काम सुपरवायझरचं, असं मेडिकला वाटतं. पण फोनवरच्या डॉक्टरला तो ‘३० मीटर, इतकी मिनिटं, टेबलप्रमाणे वर आला’ असं सांगतो आणि डॉक्टर डाइव्ह नियमातली होती असं समजतात. म्हणून धरणाची त्या दिवसाची पातळी मेडिकच्या वहीत लिहिलेली हवी.

‘कमी खोली, मग कसला धोका?’

अंबाझरी, फुटाळ्यासारख्या तलावांत काम करणाऱ्यांच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं. बेंड्सच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण दाबाखालची हवा घेणाऱ्या डायव्हरने श्वास कोंडून दीड-दोन मीटर जरी वर झेप घेतली, तरी फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. मग वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत शुद्ध हरपणं, एक बाजू लुळी पडणं, झटके, तोंडातून रक्ताचा फेस असं दिसतं. अशा पेशंटला सपाट उताणं झोपवा; बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर. डोकं खाली, पाय वर ही जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे, कारण त्याने मेंदूची सूज वाढते. जुन्या मॅन्युअलच्या झेरॉक्समध्ये ती अजून सापडते, ती पानं काढून टाका.

पोटातलं पाणी काढत बसणं

काठावर गावकरी जमतात. कोणी पोट दाबा म्हणतं, कोणी उलटं धरा. बऱ्याचदा डायव्हरच्या टीममधलेही हेच करतात. पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि श्वास देण्याची मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजन संपल्याने थांबतं, म्हणून सुरुवात श्वासाने करायची: आधी दोन श्वास (युरोपीय पद्धतीत पाच), मग ३० दाब आणि २ श्वास. दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. नुसत्या छातीदाबाची सीपीआर इथे शिकवू नका. एईडीचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावण्यापूर्वी छाती टॉवेलने खडखडीत कोरडी करा.

सराव कोरड्या वर्गात, सतरंजीवरच्या पुतळ्यावर होतो, हीही चूकच. खरा पेशंट १४ किलोच्या आसपासचं हेल्मेट, हार्नेस आणि अंबिलिकलसह (वरून हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यासह) येतो. एकाने दोन्ही हातांनी मान स्थिर धरायची, दुसऱ्याने दोन्ही बाजूंच्या लॉकिंग पिना ओढून कॉलर उघडायची, मग हेल्मेट सरळ वर घ्यायचं. हेल्मेट डोक्यावर आहे तोवर त्याचा गॅस बंद करायचा नाही. तुमच्या हेल्मेटचं मॉडेल वेगळं असेल तर त्याच मॉडेलवर सराव करा, डोळ्यांवर पट्टी बांधूनसुद्धा. हे हात बसेपर्यंत बाकी सगळं ज्ञान हेल्मेटच्या बाहेरच राहतं.

फक्त बेंड्स शिकवणं

धरणावर हाताचं बोट स्टॉपलॉग (पाणी अडवायला खाचेत सोडायची फळी) आणि खाचेच्या मध्ये चिरडतं, दोर सुटून हाड मोडतं, पाण्याच्या दाबफरकाने हात-पाय उघड्या वाटेत खेचला जातो. अशा वेळी गेट किंवा पंप बंद झाल्याची खात्री होईपर्यंत स्टँडबायने उतरायचं नाही, नाहीतर पेशंट दोन होतात. सूट न कापता जखम बघू नका, कारण निओप्रीनच्या आत रक्त साचत राहतं आणि बाहेर काही दिसत नाही. हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवणारा आवळपट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर बांधा, सांध्यावर नाही, आणि वेळ लिहा.

वॉटर जेटने काँक्रीट साफ करताना हातावर धार बसली तर वरून टाचणी टोचल्याएवढंच छिद्र दिसतं. डायव्हर ‘काही नाही’ म्हणतो आणि कामाला लागतो. आत मात्र गढूळ पाणी स्नायूंच्या थरांमध्ये घुसलेलं असतं आणि काही तासांत हात सुजून काळा पडू शकतो. ही शस्त्रक्रियेची तातडी आहे, मलमपट्टीची नाही. ‘उच्च दाबाच्या पाण्याची इजा’ असं छापलेलं कार्ड टीमकडे ठेवा आणि ते कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात द्या.

‘हॉस्पिटलमध्ये चेंबर आहे’ यावर विसंबणं

जखमा भरण्यासाठीचे हायपरबेरिक चेंबर बहुतेक २ ते २.४ एटीएवर (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या इतक्या पट) चालतात. बेंड्ससाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ट्रीटमेंट टेबल ६ ला (ठरलेल्या उपचार-तक्त्याला) १८ मीटरचा दाब, म्हणजे २.८ एटीए लागतो आणि उपचार पावणेपाच तास चालतो. १.३ एटीएचे मऊ कापडी चेंबर इथे कामाचेच नाहीत. काम सुरू होण्याआधी फोन करून विचारा: २.८ पर्यंत जातो का, रात्री ऑपरेटर मिळतो का, बेशुद्ध पेशंटसोबत आत माणूस बसू शकतो का. ‘हो’ म्हणणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

मुंबईला, नौदलाच्या आयएनएचएस अश्विनीसारख्या ठिकाणी हलवायचं ठरलं तर रस्ता इगतपुरीजवळ सुमारे ६०० मीटरवर चढतो. हवाई रुग्णवाहिका असेल तर केबिनचा दाब जमिनीवरच्या दाबाजवळ ठेवायला आधीच सांगा. ३०० मीटरपेक्षा जास्त चढ नको. फुप्फुस फाटून छातीत हवा साठलेली असेल तर ती काढल्याशिवाय ना चढायचं, ना चेंबरचा दाब उतरवायचा. श्वासनलिकेच्या ट्यूबचा कफ हवेऐवजी सलाइनने भरा, कारण दाबाखाली हवा आकसते आणि ट्यूब सैल होते. सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट द्या, डेक्स्ट्रोज नको. वेदनेसाठी नायट्रस ऑक्साइड अजिबात नको, तो बुडबुड्यांत शिरून ते मोठे करतो.

१०८ च्या हाती अर्धी माहिती देणं

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने बेंड्सचा पेशंट कदाचित कधी पाहिलेला नसेल. छापील चिठ्ठीत हे असू द्या: कमाल खोली, तळावरचा वेळ, कोणता गॅस, पाण्याबाहेर आल्याची वेळ, पहिलं लक्षण किती वाजता, ऑक्सिजन किती वाजता सुरू, गेल्या २४ तासांतल्या डाइव्ह, धरणाची उंची. शेवटची लघवी कधी झाली तेही लिहा. पाठीच्या कण्याला इजा असेल तर लघवी अडते आणि विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाही. पेंचच्या जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रेंज कुठे येते ती जागा आणि रात्री वन विभागाचं गेट कोण उघडेल, हे कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

एकच मेडिक, आणि तोच पाण्यात

टीममध्ये किमान दोन मेडिक हवेत आणि दोघे एका वेळी पाण्यात नकोत. प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असते, पण सीपीआरचा हात काही महिन्यांतच सुटतो. दर महिन्याला एकदा, काम संपल्यावर थकलेल्या अवस्थेत, पाण्यापासून ऑक्सिजन मास्कपर्यंतचा पूर्ण सराव घड्याळ लावून करा. चेंबरमध्ये पेशंटसोबत आत बसणाराही दाबाखालीच असतो, त्यामुळे त्याचा डिकम्प्रेशनचा (दाबातून हळूहळू बाहेर येण्याचा) हिशोब आणि त्याच दिवशी आधी झालेल्या त्याच्या डाइव्हही त्याच वहीत लिहा.