कामगिरीवर आधारित वेतन: तालुका शाखेने कर्मचाऱ्यांचे मत कसे गोळा करावे आणि निवेदन कसे लिहावे

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी दिली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला शिफारशींसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली, आणि तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कार्यालयांत एक जुना प्रश्न पुन्हा निघू लागला आहे: पगार ठरलेल्या वेतनस्तराप्रमाणेच मिळावा, की कामगिरी पाहून त्यात कमी-जास्त व्हावे? हा आयोग केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता आहे. राज्य शासन नंतर स्वतःची समिती नेमते. सातव्या आयोगाच्या वेळी के. पी. बक्षी यांची समिती होती आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले सुधारित वेतन आपल्या हाती पडायला २०१९ साल उजाडले. म्हणजे कर्मचारी संघटनेच्या तालुका शाखांना तयारीसाठी वेळ आहे, आणि तो वापरावा यासाठी हे लिहीत आहे.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. संघटनेची बरीच निवेदने माझ्या हातून गेली. त्यांतली बहुतेक दोघा-तिघा पदाधिकाऱ्यांनी एका संध्याकाळी बसून लिहिलेली असत आणि ‘सर्व कर्मचाऱ्यांचा तीव्र विरोध आहे’ हे वाक्य कोणालाही न विचारता त्यात येई. प्रत्यक्ष विचारले की मत कितीतरी गुंतागुंतीचे निघते, आणि समितीच्या उपयोगाचे तेच असते.

प्रश्न आधी नीट मांडावा

‘कामगिरीवर आधारित वेतन हवे की नको?’ असा एकच प्रश्न विचारू नये, कारण या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे मूळ वेतनातली वाढच कामगिरीप्रमाणे देणे किंवा रोखणे. दुसरी, मूळ वेतनाला हात न लावता वर्षाअखेरीस एकरकमी बक्षीस देणे. तिसरी, बक्षीस एकट्याला न देता सबंध कार्यालयाला किंवा खात्याला देणे. रेल्वेच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना मिळणारा उत्पादकतेशी निगडित बोनस, जो अनेक वर्षे ७८ दिवसांच्या वेतनाइतका राहिला आहे, तो या जातीचा. पहिल्याला कडाडून विरोध करणारा कर्मचारी तिसऱ्याला आनंदाने होकार देतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे तिन्हींवर वेगवेगळे मत नोंदवून घ्यावे.

फरक समजावताना आकडा द्यावा. एस-८ या स्तरावर मूळ वेतन २५,५०० रुपये असलेल्या कर्मचाऱ्याला तीन टक्क्यांची एक वेतनवाढ मिळाली की वेतन २६,३०० होते. हे ८०० रुपये दरमहा धरले तर पहिल्याच वर्षी ९,६०० रुपये होतात, ते पुढे प्रत्येक वर्षी मिळत राहतात, त्यांवर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता चढतो आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबातही ते धरले जातात. दहा हजारांचे एकरकमी बक्षीस मात्र त्या वर्षापुरतेच राहते. हे फळ्यावर लिहून दाखवल्यावर सभेतला गोंधळ निम्मा कमी होतो. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्यांना हा हिशेब विशेष जवळचा वाटतो, कारण त्यांचे निवृत्तीनंतरचे दिवस पगारातून जमा होणाऱ्या अंशदानावर अवलंबून आहेत आणि अंशदान मूळ वेतन व महागाई भत्त्यावर ठरते.

हा विषय आपल्याकडे नवा नाही, हेही सांगावे. अत्युत्कृष्ट कामासाठी आगाऊ वेतनवाढ देण्याची पद्धत राज्यात पूर्वी होती आणि सहाव्या वेतन आयोगाच्या काळात ती बंद पडली. आपल्या कार्यालयात ती मिळालेला एखादा ज्येष्ठ कर्मचारी असेल तर त्याला अवश्य बोलते करावे. केंद्रात न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाने नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात सर्व प्रवर्गांसाठी कामगिरीशी निगडित वेतनाची शिफारस केली होती.

सभा कधी, कोणाची आणि कशी

मार्च महिना वसुलीचा आणि पावसाळा पंचनाम्यांचा. या काळात सभा ठेवली तर लोक अंगाने येतील, मनाने येणार नाहीत. गणपतीच्या आधीचा पंधरवडा तर सोडूनच द्यावा. भातकापणी उरकल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत, कोकणात माणूस जरा निवांत असतो.

पदनिहाय वेगळे गट बसवावेत. लिपिक, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), आरोग्यसेविका, शिक्षक आणि शिपाई यांना एकत्र बसवले की बोलके शिक्षक बोलतात आणि शिपाई ऐकत राहतात. ज्याचा कार्यमूल्यमापन अहवाल जो अधिकारी लिहितो, तो अधिकारी त्या खोलीत असू नये, कितीही चांगला असला तरी. मंडणगड किंवा दोडामार्गासारख्या लहान तालुक्यात अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून लेखी मत घ्यायचे तर छापील प्रश्नांवर खुणा करून घ्याव्यात आणि मोकळे मत एकाने ऐकून नाव न घालता लिहून घ्यावे.

आशा स्वयंसेविकांना या सभेला बोलवावे, असा माझा आग्रह आहे. त्या शासकीय कर्मचारी नाहीत, हे खरे. पण केलेल्या कामानुसार मोबदला ही पद्धत आपल्या गावागावांत कोणी वर्षानुवर्षे जगत असेल तर त्याच. मोबदल्याच्या यादीत असलेले काम आणि यादीत नसलेले, पण केल्यावाचून चालत नाही असे काम, यांतला फरक त्या जितक्या नेमकेपणाने सांगतात तितका कोणताही अहवाल सांगत नाही.

अनुभव विचारावा, मत नंतर

सुरुवातीलाच ‘तुमचे मत काय’ असे विचारले तर ऐकीव वाक्ये मिळतात. त्याऐवजी विचारावे: गेल्या पाच वर्षांतली तुमची अहवालातली श्रेणी तुम्हाला माहीत आहे का? ती कोणत्या कामावरून ठरली? ‘ब+’ (निश्चित चांगला) मिळाले असेल तर ‘अ’ का नाही, हे कोणी सांगितले का? प्रतिवेदन अधिकारी (म्हणजे अहवाल लिहिणारे) वर्षात किती वेळा तुमच्या सजावर (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात), आरोग्य उपकेंद्रावर किंवा शाळेवर आले?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या आणि पूर आला, तेव्हा शेजारच्या तालुक्यातून आम्हा काही तलाठ्यांना तिकडे पंचनाम्यांसाठी पाठवले गेले. आम्ही चिखलातून घरोघर फिरत होतो आणि माझ्या स्वतःच्या सजात नोंदी तुंबत होत्या. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात (आताचा कार्यमूल्यमापन अहवाल) माझी श्रेणी ‘चांगला’ अशी लागली, कारण उद्दिष्ट अपूर्ण होते. ती प्रतिकूल नसल्यामुळे मला कळवली गेली नाही आणि काही वर्षांनी लाभाच्या यादीची छाननी झाली तेव्हा ती आडवी आली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात प्रत्येक श्रेणी कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असे स्पष्ट केले, तेव्हा मला त्या अहवालाची आठवण झाली. पुढे अहवाल लिहिण्याची वेळ माझ्यावर आली, आणि बारा जणांना प्रामाणिकपणे वेगवेगळी श्रेणी देणे किती अवघड असते, हेही मी शिकलो. कमी श्रेणी दिलेल्या माणसाबरोबर दुसऱ्या दिवसापासून त्याच खोलीत काम करायचे असते. म्हणून बहुतेक अधिकारी सगळ्यांना ‘निश्चित चांगला’ लिहून मोकळे होतात. या श्रेणीला पैसे जोडले तर ती अधिक खरी होईल की अधिक खोटी, हा प्रश्न सभेत थेट विचारावा.

प्रत्येक मोजमाप कोकणाच्या जमिनीवर तपासून पाहावे

निवेदनाचा गाभा हाच आहे आणि यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक गटाने आपल्या पदासाठी मोजता येण्यासारखी दोन-तीन कामे निवडावीत आणि ती मोजली तर काय होईल ते शेवटपर्यंत विचारात घ्यावे.

घरपट्टीची वसुली घेऊ. टक्केवारी सहज निघते, म्हणून ती मोजण्याचा मोह होतो. पण आपल्याकडे वाडीतली कितीतरी घरे वर्षाचे दहा-अकरा महिने बंद असतात, मालक मुंबईला असतात आणि गणपतीला किंवा शिमग्याला आले तरच कर भरतात. ग्रामसेवकाची ऑगस्टमधली टक्केवारी आणि गणपतीनंतरची टक्केवारी यांत माणूस तोच असतो, फक्त चाकरमानी आलेले असतात. ज्या गावातून लोक जास्त बाहेर गेले तिथला ग्रामसेवक कायम मागे दिसेल आणि बाजारपेठेच्या गावातला कायम पुढे.

उपकेंद्राकडे पाहिले तर तिथे संस्थात्मक प्रसूतींची संख्या मोजली जाते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत अजून मोडलेली नाही, आणि नवरा मुंबई-पुण्याला असला तर नोंदणी इथली आणि प्रसूती तिकडची असेही होते. आरोग्यसेविकेने नऊ महिने तपासण्या केल्या, लोहाच्या गोळ्या पोचवल्या, आणि शेवटचा आकडा दुसऱ्याच उपकेंद्राच्या किंवा शहराच्या खात्यात गेला.

फेरफार नोंदींचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवण्याचे, तर विचारूच नये. एका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास सामाईक नावे, त्यांतले काही वारस परगावी, काहींचा पत्ता नाही. नोटीस बजावून हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेच लागतात. निकाली नोंदींच्या संख्येवर पैसे मिळू लागले तर सोप्या, बिनतक्रार नोंदी आधी आणि गुंतागुंतीच्या वारसनोंदी शेवटी, हे होणारच, आणि ते करणाऱ्याला मी दोषही देणार नाही. पण ज्या म्हातारीची नोंद अडलेली असते तिला आपल्या कामाची सर्वांत जास्त गरज असते.

शिक्षकांच्या गटाला विचारावे, की पटसंख्या वीसच्या आत असलेल्या, एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळलेल्या शाळेची तुलना कोणाशी करायची. उत्तर सापडले तर ते निवेदनात जसेच्या तसे लिहावे.

दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने ऐकावी

गेल्या काही वर्षांत भरती झालेले तरुण कर्मचारी ठरलेल्या वेतनस्तरावर नाराज असतात, आणि त्यांचे म्हणणे डावलण्याजोगे नसते. शेजारच्या टेबलावरचा माणूस काम न करता तीच वेतनवाढ आणि दहा-वीस-तीस वर्षांनी तोच आश्वासित प्रगतीचा लाभ (पदोन्नती न मिळाल्यास मिळणारा वरचा वेतनस्तर) घेतो, हे रोज पाहणे माणसाला आतून थकवते. हे म्हणणारा एकच असला तरी ते निवेदनात यावे.

त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण शासकीय प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना वार्षिक वेतनाच्या सुमारे तीन टक्के बोनस दिल्यावर मुलांचे गुण खरोखर वाढले. पहिल्या वर्षी एकट्याला दिलेला आणि सबंध शाळेला दिलेला बोनस सारखाच परिणामकारक ठरला, दुसऱ्या वर्षी एकट्याचा पुढे गेला. याउलट राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रांवरच्या परिचारिकांची हजेरी मोजून वेतनाशी जोडली, तेव्हा आधी हजेरी सुधारली, पण आरोग्य प्रशासनच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत गेले आणि दीड वर्षाच्या आत सगळा फरक पुसला गेला. ही दोन्ही उदाहरणे सभेत सांगावीत. पहिल्या ठिकाणी मोजमाप बाहेरच्या तटस्थ परीक्षेने झाले होते आणि दुसऱ्या ठिकाणी सूट देण्याचे अधिकार खात्याच्याच हाती होते, हे लक्षात आले की चर्चा आपोआप योग्य प्रश्नाकडे वळते: मोजणार कोण?

निवेदन लिहिताना

कोणत्या पदाच्या किती जणांना विचारले आणि तीनही पर्यायांवर किती जणांनी काय म्हटले, ते आकड्यांत सुरुवातीलाच द्यावे. पंचेचाळीस जणांना विचारले असेल तर पंचेचाळीसच लिहावे. ‘समस्त’ आणि ‘तमाम’ हे शब्द वापरू नयेत. त्यानंतर प्रत्येक पदाचे एक मोजमाप आणि ते इथे का फसते किंवा का चालेल, ते चार-पाच वाक्यांत लिहावे. विरोध असेल तर तो कोणत्या अटींवर मागे घेतला जाईल तेही लिहावे. आमच्या चर्चांत वारंवार आलेल्या अटी अशा होत्या: मूळ वेतन आणि नियमित वेतनवाढ सुरक्षित राहावी, बक्षीस त्यावर वेगळे असावे, तुलना सारख्या परिस्थितीतल्या गावांशी किंवा त्याच गावाच्या मागील वर्षाशी व्हावी, आपत्ती, निवडणूक आणि जनगणनेच्या कामावर पाठवलेला काळ मोजणीतून वगळावा, श्रेणीची कारणे लेखी कळवावीत आणि अपील ऐकणारा अधिकारी वेगळा असावा, रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्याला त्याचे श्रेय मिळावे. आपल्या शाखेच्या अटी वेगळ्या निघाल्या तर आपल्याच लिहाव्यात.

भाषा संयमित ठेवावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू आहेत आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत, त्यामुळे शासनाच्या धोरणावर वैयक्तिक टीका समाजमाध्यमांवर टाकण्याऐवजी मत मान्यताप्राप्त संघटनेच्या मार्गाने, जिल्हा शाखेमार्फत पाठवावे. मसुदा पाठवण्याआधी प्रत्येक गटातल्या एकाला तो वाचायला द्यावा, विशेषतः ज्याचे मत अल्पमतात होते त्याला, आणि आपले म्हणणे बरोबर उतरले आहे असे त्याने सांगितल्यावरच सही करावी. खुणा केलेले कागद समितीची सुनावणी होईपर्यंत शाखेच्या कपाटात जपून ठेवावेत, कारण ‘हे कोणाला विचारून लिहिले?’ असे विचारले गेले तर तोच गठ्ठा पुढे करता येतो.