मिनिफाइड फाइल देऊन ‘सोर्स दिला’ म्हणू नका: या चुका टाळा

गेल्या सीझनला रत्नागिरीच्या एका बागायतदाराची हापूस ऑर्डरची साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली. पाच डझनांची पेटी निवडली तरी बिल चार डझनांचंच. आधीच्या डेव्हलपरने कुणाच्या तरी जीपीएल प्लगइनमध्ये फेरफार करून ती बनवली होती (जीपीएल म्हणजे प्रोग्राम पुढे देताना त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही द्यायला लावणारं लायसन्स) आणि ‘सोर्स दिलाय’ म्हणत झिप सोपवली होती. झिपमध्ये एकच मिनिफाइड, म्हणजे आकार कमी करायला आवळलेली जावास्क्रिप्ट फाइल. सगळा कोड एका ओळीत, व्हेरिएबलची नावं ए, बी, टी. आंबापोळी हातात ठेवून ‘घे, यातच आंबा आहे’ म्हणण्यातला प्रकार.

जीपीएलच्या लेखी सोर्स म्हणजे बदल करायला जे रूप सोयीचं ते. उद्या बग आला तर तुम्ही स्वतः कोणती फाइल उघडाल? तीच द्यायची. मिनिफाइड फाइलवर फॉरमॅटर (कोड नीट ओळींत मांडणारं साधन) फिरवूनही भागत नाही. ओळी सुटतात, पण नावं आणि कॉमेंट परत येत नाहीत.

मला तारलं ते सोर्स मॅपने, म्हणजे मिनिफाइड कोडचा कुठला भाग मूळ कोडात कुठे आहे हे सांगणाऱ्या फाइलने. फाइलच्या शेवटी मॅपचा पत्ता होता आणि मॅपची फाइल सर्व्हरवर तशीच राहून गेली होती. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये सोर्सेस उघडलं, मूळ फाइली दिसल्या. पेटीच्या हिशेबात चाराचा आकडा थेट टाकलेला! पण मॅपवर विसंबू नका. तिच्यात मूळ मजकूर भरलेला असेलच असं नाही, आणि बिल्ड स्क्रिप्ट (मूळ कोडातून तयार फाइल बनवणाऱ्या सूचना) सहसा नसतेच. २००७ ची तिसरी जीपीएल त्या स्क्रिप्टही मागते.

एमआयटी या मोकळ्या लायसन्सखालचा कोड वापरणारे इथे निवांत असतात. सोर्स द्यायची सक्ती नाही हे खरं, पण कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर प्रतीसोबत जायलाच हवा, आणि मिनिफायर कॉमेंट उडवतो. कॉमेंटची सुरुवात उद्गारचिन्हाने केली की टर्सर हा मिनिफायर ती ठेवतो. फाइली एकत्र बांधणारं वेबपॅक मात्र अशा नोंदी वेगळ्या लायसन्स टेक्स्ट फाइलमध्ये काढतं, आणि अपलोड करताना नेमकी तीच राहते. मीही दोनदा विसरलोय.

जीपीएलचंच कडक रूप असलेलं एजीपीएल असेल तर बदललेला सर्व्हरचा कोडही नेटवरून वापरणाऱ्यांना उपलब्ध करावा लागतो.

सोर्स मागायचा तर भांडू नका. तिसऱ्या जीपीएलनुसार पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर लायसन्स मोडल्याने गेलेले कोड वापरण्याचे हक्क परत मिळतात. मी साधी मेल टाकली. आठवड्याने सगळं फोल्डर आलं, लॉकफाइलसकट (वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी).