घाटातून दोघांची सहल: गोव्यात या चुका टाळा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही दोघं फोंड्याहून तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ पाहायला निघालो आणि दीड तासाने चोर्ला घाटाच्या माथ्यावर जाऊन पोचलो. मोबाइलमध्ये मी नुसतं ‘सुर्ला’ टाकलं होतं. गोव्यात या नावाची तीन गावं आहेत: एक डिचोली तालुक्यात, एक सत्तरीत चोर्ल्याजवळ म्हादई अभयारण्याच्या अंगाला आणि तिसरं धारबांदोड्यातलं तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ आहे ते या तिसऱ्या गावात, मोलेंपासून १२-१३ किलोमीटर आत. चूक कळली तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. गाडीत जे बोलणं झालं, ते संध्याकाळपर्यंत दोघांनाही पुरलं.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. जो गाडी चालवणार नाही, त्याने आदल्या रात्री वाट पाहून ठेवायची आणि कागदावर गावं लिहायची: फोंडा, तिस्क, धारबांदोडा, मोलें. नकाशा वायफायवर असतानाच उतरवून घ्यायचा. चोर्ल्याच्या पायथ्याचं केरी सोडलं की, किंवा मोलेंच्या पुढे जंगल लागलं की, नेटवर्कचा भरवसा नाही. आणि नकाशाने दाखवलेली एखादी ‘जवळची वाट’ कागदावरच्या गावांतून जात नसेल, तर ती सोडून द्यावी. अशा वाटा बऱ्याचदा चिऱ्यांच्या खाणीत किंवा कोणाच्या काजूच्या बागायतीत जाऊन संपतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

पणजीहून बेळगाव चोर्ल्यामार्गे साधारण ११० किलोमीटर आणि अनमोडमार्गे सुमारे १५०. हे आकडे पाहून पाहुणे सकाळी दहाला निघतात आणि एका दिवसात दोन्ही घाट बसवतात. घाटात ताशी २५-३० किलोमीटर हाच बरा वेग. त्यात थांबणं, फोटो, चहा धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीतल्या रस्त्यावर अंधार त्याआधीच उतरतो. गव्यांचे कळप रस्ता ओलांडतात तेही नेमके तेव्हा. गवा गोव्याचा राज्यप्राणी. दिव्याच्या झोतात तो जागचा हलत नाही आणि त्याच्याशी टक्कर झाली तर गाडी जागेवर राहत नाही. हॉर्न न वाजवता दिवे खाली करून थांबायचं. एक गेला म्हणून लगेच पुढे काढू नये, मागून बाकीचे येत असतात.

एकच दिवस असेल तर एकच घाट घ्या. दोन दिवस असतील तर फोंड्याहून मोलें, तांबडी सुर्ला, मग अनमोड चढून लोंढ्यावरून खानापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जांबोटी, मलप्रभेचं उगमस्थान असलेलं कणकुंबी आणि चोर्ला उतरून केरी. हा फेरा मला फार प्रिय आहे. पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, डोंगर हिरवे असतात, ओहोळ वाहत असतात आणि दरडींची धास्ती ओसरलेली असते.

ब्रेकवर पाय ठेवून उतरणं

सगळ्यांत धोक्याची चूक हीच, आणि ती सपाटीवर वर्षानुवर्षं गाडी चालवलेली माणसं करतात. चढताना त्रास होतो म्हणून चढाला घाबरतात आणि उतार लागला की सैलावतात. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे तर सगळा भार ब्रेकवरच टाकतात. जुन्या चालकांचा हिशेब साधा: ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. दुसऱ्या गिअरवर इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक वळणाआधी थोडा दाबून सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती कुठे आहे, हे घरासमोर पाहून घ्या, घाटात शोधू नका.

चाकांकडून करपल्यासारखा वास आला, किंवा ब्रेक मऊ लागायला लागला, तर पहिल्या रुंद जागी थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड एकदम थंड झालं की वाकतं, तडकतं. गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून अर्धा तास सावलीत बसा. निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले असे दगड पाहिले की माझा जीव खालीवर होतो. मागून रात्री दुचाकीवरचं कोणी येत असतं, त्याचा विचार कोणी करायचा?

चढावर इंजिनचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा आणि जागा मिळताच थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. काच आतून धुकटली तर एसीचा झोत काचेवर सोडा. बाहेरून धुकटली असेल तर वायपर चालवा आणि एसी कमी करा. धुक्यात खालचे दिवे लावावेत. वरचा झोत धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावू नयेत, मागच्याला आपण वळतोय की थांबलोय हे कळत नाही. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं.

‘तुला काही होत नाही, पुढे बघ’

चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, शेजारच्याला लागते. वळण कधी येणार हे हातात स्टीयरिंग असणाऱ्याच्या शरीराला आधीच कळतं. शेजारच्याच्या कानाच्या आतला तोल सांगतो हलतोय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात स्थिर आहोत. या भांडणातून पोटात ढवळतं. मला ते व्हायचं. अनमोडच्या वळणांत मी गप्प झाले की यांना वाटायचं रुसले. आमच्या निम्म्या सहली या गैरसमजात वाया गेल्या, म्हणून हे कळकळीने सांगते. शेजारचं माणूस गप्प झालं, जांभया देऊ लागलं, कपाळावर घाम आला, तर विचारत बसू नका, गाडी थांबवा.

उपाशीपोटी निघणंही चूक आणि मिरचीभजी, पातळभाजी-पाव असा भरगच्च नाश्ता करून थेट घाटाला लागणंही चूक. एखादा बन, थोडा चहा पुरे. नजर दूरच्या वळणावर ठेवा, काच थोडी उघडा, आल्याचा तुकडा चघळा. अॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या तासभर आधी. तिने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने ती घेऊ नये. माझा खरा उपाय मात्र वेगळाच निघाला: मी घाटात गाडी चालवायला शिकले. आता आम्ही दर तासाला जागा बदलतो. मळमळ थांबली, आणि डोंगर कसा दिसतो हे यांनाही पहिल्यांदा नीट कळलं.

थोडक्यात बाकीचं

दूधसागरपाशी स्वतःची गाडी नेता येत नाही. कुळेंहून जीप मिळतात, त्याही पावसाळ्यात बंद असतात. रुळांवरून चालत जायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. पावसाळ्यात नेत्रावळीच्या सावरीसारख्या धबधब्यांवर जाण्याआधी वन खात्याच्या नाक्यावर विचारा. वर पाऊस झाला की खालचा ओहोळ पाहता पाहता फुगतो.

भाड्याची गाडी घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. घाट ओलांडणार असाल तर गोव्याबाहेर नेण्याची परवानगी करारात लिहून घ्या. आणि डिकीत गोव्याची दारू ठेवून परवान्याशिवाय हद्द ओलांडू नका, नाक्यावर तपासणी होते आणि सहल तिथेच संपते.

माकडांना खायला देऊ नका. त्या सवयीने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

निघण्याआधी स्टेपनीत हवा, जॅक आणि पाना पाहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कोणत्याही संकटात ११२. फोन लागला की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही नेमके कुठे आहात?’ घाटात सगळी वळणं सारखीच दिसतात, म्हणून शेजारी बसलेल्याने रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड गेला की आकडा मोठ्याने म्हणायचा. आमच्या गाडीत आता तो दोघांच्याही तोंडी असतो.